कार्ड दुकानदाराने बदललेलं नाही

पुरवणी जबाब. शुक्रवार, सकाळी ११.१५ वाजता लिहायला सुरुवात.

मी, खाली सही करणारी, वय ५६ वर्षं, व्यवसाय नोकरी, शहर बससेवेत एकोणतीस वर्षं चालक आणि गेले चौदा महिने आगारातल्या चौकशीच्या खिडकीवर, राहणार आगारामागची कर्मचारी वसाहत, दुसरी इमारत, तिसरा मजला, जिन्याच्या डाव्या हाताचं घर. आगारात मला ब्रेकबाई म्हणतात. फाटकाच्या आत तीनदा ब्रेक दाबून बघितल्याशिवाय मी कधी गाडी बाहेर काढली नाही, म्हणून ते नाव पडलं. कोणी बोलावलेलं नसताना ठाण्यात स्वतः हजर होऊन सांगते की,

याच ठाण्यात मी मंगळवारी संध्याकाळी ६.१० वाजता एका संगणकाच्या दुकानदाराविरुद्ध तक्रार दिली होती. माझ्या नव्या संगणकात त्याने नव्याऐवजी वापरलेलं ग्राफिक्स कार्ड घातलं आणि मला फसवलं, असं त्या तक्रारीत आहे. मी त्या दिवशी खोटं बोलले नव्हते, पण जे बोलले ते चूक निघालं. दुकानदाराने काहीही केलेलं नाही. अंमलदार म्हणाले, ताई, एक ओळ लिहून तक्रार मागे घेऊ, विषय संपला. मी नाही म्हटलं. एका ओळीत मागे घेतली तर लोक म्हणणार की दुकानदाराने आतून मिटवलं. म्हणून सगळं लिहून घ्या, आणि मी सांगते त्याच शब्दांत घ्या, असं मी म्हटलं. त्यांनी नवा कागद घेतला.

संगणक कशासाठी हवा होता हे मंगळवारी विचारलं तेव्हा माझ्या मुलाने मध्येच 'घरगुती वापरासाठी' असं सांगितलं आणि तेच लिहिलं गेलं. त्याला लाज वाटली असावी. ते दुरुस्त करावं. संगणक खेळासाठी हवा होता. मला बस चालवायची होती.

सोळा महिन्यांपूर्वी माझ्या हृदयात स्टेंट बसवला. त्यानंतर वैद्यकीय तपासणीत मला जड वाहन चालवायला अपात्र ठरवलं. एकोणतीस वर्षांत माझ्या हातून अपघात नाही, हे त्यांच्याच कागदावर होतं. ते कागद त्यांनी बघितले आणि मला खिडकीवर बसवलं. तिथे दिवसभर लोक विचारतात, ही गाडी कधी येणार. समोरून गाड्या येतात आणि जातात. मी वेळ सांगते. मला ते काम आवडत नाही आणि हे मी वरिष्ठांनाही सांगितलं आहे.

आगाराच्या इलेक्ट्रिशियनने मला सांगितलं की संगणकावर शहर बस चालवायचा खेळ आहे. खरं स्टिअरिंग मिळतं, खाली पेडल मिळतात, आरसे दिसतात, थांबे घ्यावे लागतात, उशीर झाला तर प्रवासी कुरकुर करतात. त्याने मला त्याच्या घरी बसवून वीस मिनिटं चालवायला दिली. मी त्याच दिवशी ठरवलं. नुसतं मनाने नाही ठरवलं, वही घेतली.

माझं बजेट दोन पगारांचं होतं. त्यात संगणक, पडदा आणि स्टिअरिंग बसवायचं होतं. मला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तीन महिने मी जेवणाच्या सुट्टीत वाचलं, व्हिडिओ बघितले, इलेक्ट्रिशियनचं डोकं खाल्लं. प्रोसेसर हिशोब करतो, ग्राफिक्स कार्ड चित्र हलवतं, आणि खेळाच्या मशीनमध्ये सगळ्यात महाग वस्तू ते कार्डच असतं, हे मला पहिल्या आठवड्यात कळलं. मोठा प्रोसेसर आणि फालतू कार्ड घेतलं तर प्रोसेसर नुसता हात चोळत बसतो. दोघांचा मेळ बसला पाहिजे. पॉवर सप्लायमध्ये कंजुषी करायची नाही, हे मला कोणी शिकवावं लागलं नाही. ज्याच्यावर सगळं चालतं ती वस्तू स्वस्तात घेणारे लोक मी वर्कशॉपमध्ये पुष्कळ बघितले आहेत. इलेक्ट्रिशियन म्हणाला, ब्रेकबाई, कार्ड जुनं घ्या, निम्म्यात पडेल. मी नाही म्हटलं. मागच्याने ते कसं हाकलं ते मला काय माहीत. आयुष्यभर दुसऱ्या पाळीने तापवून ठेवलेल्या गाड्या मी ताब्यात घेतल्या. एक तरी वस्तू कोऱ्या करकरीत खोक्यातून निघालेली हवी होती.

यादी घेऊन मी चार दुकानं फिरले. तीन दुकानांत, मॅडम, नातवासाठी का, असं विचारलं. चौथा हा दुकानदार. वय अंदाजे चाळीस, दुकान अरुंद, आत एक काउंटर आणि एक स्टूल. त्याने मला स्टूल दिलं आणि यादी वाचली. कोणासाठी असं विचारलं नाही. "कोणता खेळ?" असं विचारलं. मी सांगितल्यावर म्हणाला, "मग प्रोसेसर एक पायरी खाली घ्या आणि वाचलेले पैसे कार्डात घाला. या खेळात आरसे असतात ना, प्रत्येक आरशाचं चित्र वेगळं काढावं लागतं. तिथे कार्डाची दमछाक होते." रॅमची एक पट्टी लिहिली होती, ती त्याने त्याच क्षमतेच्या दोन पट्ट्यांत बसवायला सांगितली, वेग चांगला मिळतो म्हणून. मी रंगीत दिव्यांचा कॅबिनेट नको, पुढून जाळी असलेला आणि हवा खेळती राहणारा हवा म्हटलं, तेव्हा तो पहिल्यांदा हसला आणि म्हणाला की असं सांगणारं गिऱ्हाईक त्याला महिन्यातून एखादंच भेटतं. त्या दिवशी त्याने माझ्यासाठी पावणेदोन तास घालवले. हे मी मंगळवारच्या तक्रारीत सांगितलं नव्हतं, कारण मंगळवारी मला ते त्याचं नाटक वाटलं.

खोकी काउंटरवर मांडल्यावर मी प्रत्येक खोक्यावरचा क्रमांक माझ्या वहीत उतरवून घेतला. आमच्यात गाडी ताब्यात घेताना क्रमांक, किलोमीटर, कुठे काय लागलंय ते लिहायचं असतं. घरातल्या प्रत्येक यंत्राचं मी तसंच लिहिते. फ्रिज, कपडे धुण्याचं यंत्र, गिझर, सगळं त्या एकाच वहीत आहे. मुलगा सोबत होता. तो म्हणाला, "आई, पुरे ना, लोक बघतायत." दुकानदार म्हणाला, "लिहू द्या, बरं असतं." आणि त्याने प्रत्येक भागावर दुकानाचा तारखेचा बारीक शिक्का-कागद चिकटवणार असल्याचं सांगितलं.

शनिवारी दुपारी ४ वाजता जोडलेला संगणक ताब्यात घेतला. इथे माझी चूक झाली. दुकानदार कॅबिनेटची बाजू उघडून दाखवत होता. मुलगा म्हणाला की त्याने गाडी दुसऱ्याच्या जागेत लावली आहे, लवकर चल. मी आत न बघता सही केली. बॉनेट न उघडता एकोणतीस वर्षांत मी कधी सही केलेली नाही.

रविवारी मी सकाळी ७ ते ३ कामावर होते. मुलाला सुट्टी होती. त्याचं वय २७ वर्षं, विमा कंपनीच्या कार्यालयात नोकरीला आहे, आमच्यातच राहतो. संगणकात विंडोज आणि खेळ टाकून देतो असं तो स्वतःहून म्हणाला. मला बरं वाटलं. मी आगारात दोघांना सांगितलं की मुलगा बसून सगळं लावून देतोय. तीन वाजता घरी आले तेव्हा संगणक माझ्या टेबलावर चालू होता आणि तो म्हणाला, "झालं तुझं काम."

स्टिअरिंग कुरिअरने सोमवारी आलं. मी ते संध्याकाळी साडेपाचला टेबलाला आवळून बसवलं, चष्मा पुसला आणि गाडी काढली. फाटकाबाहेर पहिलं वळण घेतलं आणि चित्र अडकलं. मग एकदम पुढे उडालं आणि बस दुभाजकावर चढलेली होती. पुन्हा काढली. थांब्यावर आरशात बघितलं की अडकायची, बघायचं सोडलं की चालायची. आरशात न बघता बस कशी चालवायची हे मला माहीत नाही. मी दीड तास प्रयत्न केला. मुलगा दारात उभा राहून बघत होता. म्हणाला, "सवय होईल, आई. वय झालं की हात थोडे मंद होतात." मी ते मान्य केलं. हे विशेष लिहून घ्या. दीड तास मी माझ्या हातांना दोष देत बसले आणि तो तिथे उभा होता.

मंगळवारी सकाळी इलेक्ट्रिशियनला विचारलं. कोणतं कार्ड लागलं आहे ते पडद्यावर कुठे बघायचं, हे त्याने सांगितलं. दुपारी साडेतीनला घरी येऊन बघितलं तर भलतंच नाव, सात-आठ वर्षं जुन्या कार्डाचं. मी स्क्रू काढून बाजू उघडली. बाकी सगळं नवं चकचकीत आणि कार्डाच्या पंख्यात धूळ. दुकानाचा शिक्का-कागद त्याच्यावर नव्हता. क्रमांक चिठ्ठीवर उतरवला आणि वहीतल्या नव्या पानाशी ताडून बघितला. जुळला नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जुनी पानं उलटून बघावीत हे डोक्यात आलं नाही, कारण मी चोर घराबाहेर शोधत होते.

मंगळवारी मुलगा घरून काम करतो. मी कार्ड काढून पिशवीत घालून दुकानात निघाले तेव्हा तोही निघाला. मी म्हटलं, तू कशाला, मी पुरेशी आहे. तरी आला. ४.३५ वाजता आम्ही दुकानात होतो. पाच गिऱ्हाइकं होती. मी त्यांच्यासमोर दुकानदाराला चोर म्हटलं. आणखीही म्हटलं, ते मंगळवारच्या कागदावर आहे. दुकानदाराने कार्ड हातात घेऊन उलटसुलट बघितलं आणि म्हणाला, "हे माझं नाही. मी हे कार्ड तुमच्या मशीनमध्ये घातलेलं नाही." माझा मुलगा त्यावर म्हणाला, "वयस्कर बाई बघून गंडवता काय? पोलिसांत गेल्यावर कळेल." हे त्याचेच शब्द आहेत. मला त्या वेळी मुलाचं कौतुक वाटलं. आपल्या बाजूने उभा राहिला म्हणून.

बुधवारी कामावरून सुटल्यावर तक्रारीच्या कागदांवर सही करायला मी या ठाण्यात आले, मुलगाही लवकर सुटून सोबत आला होता, तेव्हा दुकानदार समोरच्या बाकावर होता. त्याला ११ वाजता बोलावलं होतं. साडेतीनपर्यंत तो तिथे होता, मांडीवर बिलांची वही घेऊन. दुकान एकट्याचं, म्हणजे तोवर ते बंद. मी त्याच्यासमोरून मुद्दाम सावकाश गेले. त्याने उठून सांगितलं, "बाई, कार्ड मी बदललेलं नाही. पण मी तुम्हाला नवीन देतो. मला रोज इथे बसायला परवडणार नाही." मी काही बोलायच्या आत मुलगा म्हणाला, "ठीक आहे, द्या. उद्यापर्यंत द्या." मला तेव्हा ते दुकानदाराच्या कबुलीसारखं वाटलं. अंमलदारांनाही वाटलं असावं. त्यांनी मला वहीतल्या क्रमांकांच्या पानाची प्रत आणून द्यायला सांगितलं.

काल गुरुवारी माझी साप्ताहिक सुट्टी होती. मुलगा नऊ वाजता कार्यालयात गेला. १०.१५ च्या सुमारास मी प्रत काढायला वही घेतली. पान शोधताना आधीचं एक पान उघडलं. त्यावर सात वर्षांपूर्वी मुलाला कॉलेजात असताना घेऊन दिलेल्या संगणकाची नोंद आहे. तोही माझ्याच पगारातून घेतला होता. त्याला खेळायला चांगला हवा होता आणि मी तेव्हा जादा पाळ्या केल्या होत्या. त्या नोंदीत कार्डाचा क्रमांक आहे. आगारात आम्ही गाड्या शेवटच्या चार आकड्यांनी ओळखतो. चार आकडे होते ४४७१. मंगळवारच्या चिठ्ठीवरही ४४७१. मग पूर्ण क्रमांक ताडला, दोनदा. तो जुळला.

मी मुलाच्या खोलीत गेले. एरवी मी त्याच्या वस्तूंना हात लावत नाही. त्याच्या संगणकाची बाजू उघडली. आत माझं कार्ड होतं. दुकानाचा शिक्का-कागद त्याच्यावर तसाच होता, शनिवारची तारीख घातलेला. तो काढायचे कष्टही त्याने घेतले नव्हते. त्याच्या खोलीत बसून मी कधी काही उघडून बघेन, हे त्याच्या मनातही आलं नसणार. मी कार्ड काढलं नाही. बाजू होती तशी लावली, स्क्रू आवळले. मोबाइलवर फोटो काढले आहेत, ते दाखवायला तयार आहे.

त्यानंतर संध्याकाळपर्यंत मी घरातच होते. काय करत होते असं अंमलदारांनी विचारलं. काही करत नव्हते.

मुलगा ६.४० वाजता आला. माझे पती घरी होते. ते शाळेत प्रयोगशाळा सहायक आहेत. मी वही टेबलावर उघडी ठेवून मुलाला विचारलं, हा क्रमांक कोणाचा. तो वहीकडे बघून म्हणाला, "तू अजून हे लिहून ठेवतेस?" मी पुन्हा विचारलं. त्यावर झालेलं बोलणं मला आठवतं तसं सांगते.

तो म्हणाला, "आई, तुला सांगणारच होतो. तुझा खेळ साधा आहे. स्टॉपवर थांबायचं, दार उघडायचं, पुढे जायचं. त्याला एवढं मोठं कार्ड कशाला? माझे खेळ जड असतात. मला वाटलं, तुझं जुन्यावर भागेल."

मी म्हटलं, "मला विचारलं का नाहीस?"

"तुला फरक कळेल असं वाटलं नव्हतं."

"आणि सोमवारी माझे हात मंद झालेत म्हणालास."

तो बूट काढायला वाकला.

मी विचारलं, "दुकानात त्या माणसाला बोललास ते कशाला? तुला तर माहीत होतं."

तो म्हणाला, "तू एवढी भडकली होतीस की मला काही बोलताच येईना. मग तू पोलिसांत जाशील असं वाटलं नव्हतं. मग गेलीस. मग वाढतच गेलं." आणि शेवटी म्हणाला, "आता तो देतोय ना नवीन कार्ड. तुला नवीन मिळेल, विषय मिटला."

पती म्हणाले, "अगं, तसंही तो द्यायला तयार आहेच. दुकानदारांचं काय, ते कंपनीकडून भरून घेतात. घरात दोन्ही मशीन चांगली होतील." मी म्हटलं, "अहो, माणूस साडेचार तास त्या बाकावर बसला होता." ते म्हणाले, "पण आता बसवायची गरज नाही ना. तू फक्त काही बोलू नकोस."

माझ्या पतींचा स्वभाव वाईट नाही. भांडण टाळायचं म्हणून ते सगळ्याला होकार देतात, आणि आजवर ते मला चालत आलं. काल चाललं नाही. मी त्यांना एवढंच म्हटलं की हा माणूस तुमच्या शाळेतला शिपाई असता आणि त्याच्यावर असा आळ आला असता, तर तुम्ही मला हेच सांगितलं असतं का. त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

मुलाने नंतर कार्ड काढून देतो म्हटलं. मी हात लावू दिला नाही. तो म्हणाला, "मग तुला हवंय तरी काय?" मी म्हटलं, उद्या माझ्याबरोबर दुकानात चल आणि त्या माणसासमोर सांग. तो म्हणाला, "माझी नोकरी आहे, आई. तिथे ओळखीचे लोक येतात. विमा कंपनीत असलं काही कळलं तर मला ठेवणार नाहीत." आज मी रजा टाकली आणि सकाळी आठपर्यंत तो खोलीतून बाहेर येईल म्हणून वाट बघितली. मी अंघोळीला असताना तो साडेसातलाच निघून गेला होता.

आज सकाळी १०.०५ वाजता मी एकटी दुकानात गेले. तीन गिऱ्हाइकं होती. मंगळवारी पाच होती, दोन कमी पडली, त्याला माझा इलाज नाही. मी त्यांच्यासमोर मोठ्याने सांगितलं की या माणसाने मला फसवलेलं नाही, कार्ड माझ्या मुलाने घरात बदललं, आणि मी चोर म्हटलं ते चुकीचं होतं. दुकानदाराने ऐकून घेतलं. काउंटरमागे माझ्यासाठी नवं कार्ड बांधून ठेवलेलं होतं, खोक्यावर माझी इमारत आणि मजला लिहिलेला. स्टूल तिथेच होतं. त्याने बसा म्हटलं नाही. मी माफ करा म्हटलं. तो म्हणाला, "ते राहू द्या. दोन दिवस झाले, शेजारचे दुकानदार मला बघून बोलायचं थांबतात. माझ्या बायकोने मला विचारलं, खरं सांगा. तुम्ही हे लेखी द्याल का? मला काचेवर लावायचं आहे." मी देते म्हटलं. त्याचा आवाज चढला नाही. चढायला हवा होता असं मला वाटलं. मला स्वतःचाही राग आहे, तो या कागदात बसत असेल तर लिहा.

तिथून मी थेट इथे आले.

अंमलदारांनी मला समजावलं की घरातलं घरात मिटवावं, मुलगा तरुण आहे, कागदावर नाव आलं की पुढे नोकरीत, परदेशात, लग्नात सगळीकडे आडवं येतं. हे मला माहीत आहे. त्यांनी हेही विचारलं की मला नक्की काय हवं आहे. कार्ड हवं असेल तर मुलाला बोलावून आज संध्याकाळी हातात देतो. मी सांगितलं की मंगळवारी दुकानदाराविरुद्ध जे लिहिलं, त्यातला आरोप त्याच्यावरून उतरवून जिथे लागू होतो तिथे लावा. माझं कार्ड माझ्या परवानगीशिवाय काढलं गेलं. काढणाऱ्याने गप्प बसून त्याचा दोष दुसऱ्यावर जाऊ दिला, वर त्याच दुसऱ्याकडून नवं कार्ड घ्यायला तो तयार झाला. हे काम माझ्या मुलाने केलं. तो माझा मुलगा नसता तर मी त्याला काय काय बोलले असते, ते मंगळवारी पाच गिऱ्हाइकांनी ऐकलं आहे. त्याच्यावर काय कारवाई होते ते कायद्याने ठरवावं, मी त्यात बोट घालणार नाही. पण तक्रार देते आहे आणि ती मागे घेणार नाही.

दोन्ही कार्डं पंचांसमोर ताब्यात घ्यावी लागतील आणि तपास संपेपर्यंत ठाण्यात राहतील, असं मला सांगितलं. किती दिवस, हे विचारलं. सांगता येत नाही म्हणाले, सहा महिने, वर्षही लागतं. तोवर माझ्या संगणकावर खेळ चालणार नाही. मला ते मान्य आहे. दुकानदाराने बांधून ठेवलेलं कार्ड मी घेतलेलं नाही आणि घेणार नाही. स्टिअरिंग टेबलावरून सोडवून खोक्यात ठेवलं आहे. उद्या सात ते तीन मी खिडकीवर आहे, पोलिसांना काही विचारायचं असेल तर तिथे यावं.

दुकानदाराला या जबाबाची एक प्रत द्यावी, अशी माझी विनंती आहे. नियमात बसत नसेल तर मी स्वतः हाताने लिहून, सही करून, त्याच्या काचेवर लावायला देणार आहे.

वरील मजकूर अंमलदारांनी मला वाचून दाखवला. त्यानंतर मी चष्मा लावून तो स्वतः वाचला. तिसऱ्या पानावर 'माझ्या मुलाने गैरसमजातून कार्ड बदलले' असं लिहिलेलं आढळलं. मी 'गैरसमजातून' म्हटलं नव्हतं. विचारल्यावर अंमलदार म्हणाले, ताई, असू द्या तो शब्द, पुढे तुमच्या मुलाच्या कामाला येईल. मी त्यांच्याकडून पेन मागून घेतलं. मग तो शब्द मी स्वतःच्या हाताने खोडला आणि शेजारी सही केली. आता जबाब मी सांगितला तसा आहे.